मदत हवी आहे : घसा धरलाय, उतार पडेना (सांगली)

मारुतीरोड : थुंकीसुद्धा गिळवत नाही. गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्याही संपल्या. कशामुळं असेल? लवकर सांगा, घरात लग्न आहे.

गुळाचा_खडा : वय? ताप? खोकला? गोळ्या कसल्या? एवढंही न सांगता काय सांगणार, कप्पाळ!

मार्केटयार्ड : हळदीची धूळ, दुसरं काय. सौदे सुरू झाले की आमचा घसा असाच धरतो. फडकं बांधा.

मारुतीरोड : यार्डाशी संबंध नाही, बँकेत आहे. वय ४२. ताप आहे, थंडी वाजते. सर्दी-खोकला नाही. गोळ्या अझिथ्रोमायसिनच्या, अँटिबायोटिक.

भडंग_स्पेशल : मग अझिथ्रोचाच कोर्स परत करा. मला दरवर्षी लागू पडतो.

मिरजजंक्शन : लागू पडणारच. मोठ्यांचा घसा बहुतेकदा विषाणूनं दुखतो, आठवड्यात आपोआप बरा होतो आणि श्रेय गोळी खाते. ताप, खोकला नसणं, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेत पुढं दुखऱ्या गाठी असं जुळलं तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय, मग स्वॅब, म्हणजे घशातला नमुना तपासायचा. ताई, तोंड उघडताना जबडा आवळतो का? दुसरं औषध चालू आहे?

भडंग_स्पेशल : तुम्ही डॉक्टर का?

मिरजजंक्शन : लॅबमध्ये आहे.

कृष्णाकाठ : ॲसिडिटी बघा. आमच्या सासऱ्यांचा घसा रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होण्यानं धरायचा.

गुळाचा_खडा : अहो, ताप आहे म्हणतायत त्या!

मारुतीरोड : जबडा ठीक. तोंड मात्र आलंय. औषध काही नाही, थायरॉइडची गोळी तेवढी. ती काय, निम्मी बँक घेते.

मिरजजंक्शन : निम्मी बँक थायरॉक्सिन घेत असेल, ती थायरॉइड कमी पडतं त्यासाठी. तुमच्या पाकिटावरचं नाव टाका.

मारुतीरोड : कार्बिमॅझोल १०. दिवाळीनंतर चालू केली. वजन उतरत होतं, हात थरथरायचे.

मिरजजंक्शन : मग धागा सोडा, उठा. ही वेगळी गोळी, थायरॉइड जास्त चालतं त्यासाठीची. या गोळीनं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत. घसा, ताप, तोंड येणं ही त्याचीच लक्षणं. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आजच; न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बघायला. डॉक्टर नाही भेटले तर सरळ कॅज्युअल्टी.

मार्केटयार्ड : हळद-दूध मात्र सोडू नका. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, उगाच नाही.

कृष्णाकाठ : जीआय घशासाठी मिळतं होय?

मारुतीरोड : फोन झाला. गोळी थांबवायला सांगितलीय, रक्त द्यायला निघाले.

भडंग_स्पेशल : आमच्या मिसेसचीही थायरॉइडची चालू आहे. बंद करू का?

मिरजजंक्शन : परस्पर काही बंद करू नका. आधी पाकिटावरचं नाव टाका.