प्रतिसाद: मॅक्युलासाठीच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या

वर विचारलंय की सासऱ्यांच्या मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची) झीज सुरू झाली आहे, तर डोळ्यांसाठीच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात का.

डॉक्टरांनी झीज मध्यम टप्प्यावर आहे असं सांगितलं असेल, तर जरूर. अमेरिकेतल्या एआरईडीएस या मोठ्या चाचणीत (2001) अशा रुग्णांमध्ये आजार बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर मात्र परत येत नाही, आणि धडधाकट डोळ्यांना 'असू दे' म्हणून देण्यात काही अर्थ नाही.

सासरे विडी ओढतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून डबीमागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचाच. बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं तो घटक) दिसलं तर डबी तिथेच ठेवा. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत (1994) त्याने फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला होता! विडी सोडलेल्यांनीही ते टाळावं. या गोळ्यांच्या 2013 पासूनच्या सूत्रात त्याऐवजी ल्युटीन 10 मिग्रॅ आणि झियाझँथिन 2 मिग्रॅ असतं, ते मागा.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण यात ई जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यानेही रक्त पातळ होऊ शकतं. जोडीला वेगळी मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर तेही सांगा. आणि हो, विडी सुटली तर डोळ्यांना कुठल्याही गोळीपेक्षा जास्त फायदा!