पर्सी जॅक्सन वाचणाऱ्या भाचीला मेड्यूसाचं काय सांगू?

आत्याबाई:

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी असली पुस्तकं वाचणारी नाही. माझी धाव रहस्यकथांपर्यंत. पण भाची (वय ११) दर शनिवारी माझ्याकडे राहायला येते आणि गेले दोन महिने येताना बॅगेत पर्सी जॅक्सन असतो, म्हणजे ग्रीक देवांची मुलं आजच्या अमेरिकेत वावरतात ती पुस्तकमालिका. पहिला भाग दोनदा वाचून झाला, आता तिसरा चालू आहे. मध्यंतरी तिने मला विचारलं, "आत्या, तू कोणाची मुलगी असशील?" म्हणजे कोणत्या देवाची. मी आपलं ज्ञानाची देवी म्हणून अथेनाचं नाव घेतलं. मला नखशिखांत न्याहाळून बाईसाहेबांनी निकाल दिला, "तू हर्मीसच्या केबिनमध्ये जाशील." देवांच्या मुलांच्या शिबिरात ज्यांना कोणत्याच देवाने अजून आपलं म्हटलेलं नाही, ती सगळी मुलं त्या केबिनमध्ये कोंबलेली असतात, हे मला मागाहून कळलं.

तर, तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून पहिला भाग मीही वाचला. मजा आली, खोटं कशाला बोलू. देवांचं घर ऑलिंपस न्यूयॉर्कमधल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर, पाताळात जायचा दरवाजा लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत, आणि खिशातल्या पेनाचं टोपण काढलं की तलवार. हे सगळं मी निमूटपणे गिळलं.

घोडं अडलंय ते मेड्यूसापाशी, म्हणजे जिच्याकडे बघणारा दगड होतो त्या राक्षसिणीपाशी. पुस्तकात ती बुरखा घेतलेली, रस्त्याकडेला बागेतले पुतळे विकणारी बाई आहे. पर्सी काचेच्या गोळ्यातल्या प्रतिबिंबात बघत तिचं डोकं उडवतो. तिथपर्यंत ठीक. पण ती अशी का झाली याचं कारण दिलंय ते असं: ती आणि समुद्राचा देव पोसायडन, म्हणजे पर्सीचा बाप, अथेनाच्या देवळात भेटले, म्हणून अथेनाने तिला राक्षसीण केलं. भाचीने पुस्तक मिटलं, बोट पानातच ठेवलं आणि म्हणाली, "देवळात दोघं होते ना? मग शिक्षा एकटीलाच का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारतेय. मुळातली गोष्ट काय आहे? आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्यातलं किती सांगायचं? जमलं तर पुढची पुस्तकं कोणत्या क्रमाने द्यायची तेही सांगा.

पानं_दुमडणारा:

क्रम सांगतो, बाकीचं जाणकार बोलतील. मूळ पाच भाग २००५ ते २००९, वर्षाला एक. ते आधी पुरे होऊ द्या. मग हीरोज ऑफ ऑलिंपसचे पाच (२०१०-२०१४), त्यात रोमन देव येतात. मग ट्रायल्स ऑफ अपोलोचे पाच (२०१६-२०२०). इजिप्तच्या देवांची तीन पुस्तकं आणि नॉर्स देवांची तीन अशा वेगळ्या मालिका आहेत, त्या मध्ये कधीही वाचल्या तरी बिघडत नाही. २०२३ मध्ये लेखक रिक रायर्डनने पर्सीला परत आणलं, ते सगळ्यात शेवटी.

माझ्या मते पहिल्या पाचांची सर पुढच्या कशाला नाही. अपोलोच्या मालिकेत मात्र खुद्द देवालाच शिक्षा म्हणून मुरमं आलेला सोळा वर्षांचा पोरगा करून टाकलाय, ती कल्पना झकास.

२०१०चा सिनेमा दाखवू नका. पुस्तकातला पर्सी बारा वर्षांचा आहे, सिनेमातला चांगला थोराड.

शंकासुर:

मला या पुस्तकांचं एक कोडं सुटलेलं नाही. हजारो वर्षं लोकांनी ज्यांना बळी दिले, देवळं बांधली, ते देव इथे चट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून फिरतात. मद्याचा देव डायोनायसस मुलांच्या शिबिराचा वैतागलेला संचालक, आणि दारू बंद म्हणून डाएट कोक पीत बसलाय! मुलांना पुराणं अशी चेष्टेतून ओळखीची झाली तर नंतर मूळ कथा गंभीरपणे कोण वाचणार? तुमच्या भाचीचा प्रश्न चांगला आहे, पण तो पुस्तकामुळे पडला की पुस्तक असूनही पडला?

जुनी_वही:

शंकासुर, चेष्टेचं म्हणाल तर ती परंपरा खुद्द ग्रीकांचीच. अ‍ॅरिस्टोफनीसचं 'बेडूक' नावाचं प्रहसन इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अथेन्समध्ये झालं, तेही डायोनायससच्याच उत्सवात. त्यात हा देव महाबली वीर हेराक्लीसचं सोंग घेऊन, सिंहाचं कातडं पांघरून पाताळात जातो. तिथे त्याची इतकी टरकते की तो आपलं सोंग नोकराच्या अंगावर चढवतो. मग दोघांतला खरा देव कोण हे ठरवायला दोघांनाही फटके मारून बघतात. देव असेल त्याला लागणार नाही म्हणून! समोर प्रेक्षकांत त्याच देवाचा पुजारी बसलेला. त्यापुढे डाएट कोक म्हणजे काहीच नाही.

आत्याबाई, आता तुमचं. 'मुळातली गोष्ट' असं तुम्ही म्हणता तिथेच गोची आहे, कारण मेड्यूसा निदान दोन आहेत.

पहिली ग्रीक कवी हेसिअडची, इसवी सनापूर्वी ७००च्या आसपासची. तिथे गॉर्गन या तीन बहिणी. दोघी अमर, मेड्यूसा तेवढी मर्त्य. असं का, ते तो सांगत नाही, नुसतं "तिच्या वाट्याला दुःख आलं" असं म्हणून पुढे सरकतो. पोसायडन तिला भेटतो तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये. देऊळ नाही, अथेनाचा शाप नाही, काही नाही. मग पर्सियस हा ग्रीक वीर तिचं डोकं उडवतो आणि तिच्यातून दोघे जण उसळून बाहेर येतात: ख्रिसाऑर, आणि पेगॅसस, तो पंखवाला घोडा.

दुसरी रोमन कवी ओव्हिडची, साधारण सातशे वर्षांनंतरची. भाचीच्या पुस्तकातलं देऊळ येतं ते इथून. पण ओव्हिडमध्ये 'भेटले' वगैरे काही नाही. समुद्राच्या देवाने देवळात तिच्यावर बळजबरी केली, असं तो सरळ लिहितो. देवीने तोंड फिरवलं, डोळे झाकले, आणि नंतर मेड्यूसाच्या केसांचे साप केले. रायर्डनने हा भाग मऊ केलाय. बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना मीही बहुतेक तेच केलं असतं. मात्र गुन्हा काढून घेतला आणि शिक्षा तशीच ठेवली, त्यामुळे हिशेब जुळेनासा झाला, आणि तुमच्या भाचीचं बोट नेमकं तिथेच अडकलं. तिला शाबासकी सांगा.

ओव्हिडमधली आणखी एक गोष्ट मला कायम खटकते. हा प्रसंग सांगतो कोण? पर्सियस. स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत. एक पाहुणा विचारतो, तिघी बहिणींत हिच्याच डोक्यावर साप का? आणि ज्याने तिला झोपेत मारलं तोच तिची कहाणी ऐकवतो. मेड्यूसाची बाजू त्या अख्ख्या मेजवानीत कोणाकडेच नाही.

आपल्याकडच्या अहल्येचंही असंच झालंय. अहल्या म्हटलं की शिळाच डोळ्यांपुढे येते, पण वाल्मीकींच्या बालकांडात शिळा नाही. तिथे ती कोणाला न दिसता, वारा भक्षून, राखेत पडून राहते. शिळा नंतरच्या कथांमधली. फरक एवढाच की तिथे गौतम इंद्रालाही शाप देतो. पोसायडनला कोणी हातही लावला नाही.

मुलीला किती सांगायचं? मी माझ्या पुतणीला एवढंच सांगितलं होतं: "जुन्या एका गोष्टीत पोसायडनने तिच्यावर जबरदस्ती केली होती आणि तरी शिक्षा तिला झाली. ते अन्यायाचंच होतं, आणि तसं वाटणारी तू पहिली नाहीस." तिने मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं आणि आपल्याला भीती वाटते त्यापेक्षा कमी लागतं.

जाता जाता, पहिल्या भागाचा शेवट आठवा. मूळ कथेत पॉलिडेक्टीस राजा पर्सियसच्या आईच्या मागे लागलेला असतो. पोराची ब्याद टळावी म्हणून तो त्याला मेड्यूसाचं डोकं आणायला धाडतो आणि अखेर त्याच डोक्याने दगड होतो. आता पर्सीचा तो घाणेरडा सावत्र बाप डोळ्यांपुढे आणा. रायर्डनने राजाच्या जागी पत्ते कुटणारा गेब बसवला, आणि डोकं वापरायचं की नाही हा निर्णय मुलाच्या हातून काढून आईला दिला. दगड झालेला नवरा पुतळा म्हणून विकून ती कॉलेजची फी भरते! ही चेष्टा असेल तर चालेल मला.

रात्रपाळी:

एरवी मी इथे नुसता वाचतो, पण पर्सीचं नाव दिसलं म्हणून लिहितोय.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. तो कळायच्या आधी दोन वर्षं वहीवर लाल शाईत 'आळस' लिहून यायचं. अक्षरं उड्या मारतात असं तो सांगायचा आणि आम्हीही, लाज वाटते सांगायला, त्याला नीट बसून वाच म्हणायचो. मग कोणीतरी पर्सीचा पहिला भाग दिला. पाळीवर निघायच्या आधी मी त्याला रोज अर्धा तास वाचून दाखवायचो. शिबिरात पर्सीला सांगतात ना, तुला वाचता येत नाही कारण तुझा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलाय, आणि वर्गात स्वस्थ बसवत नाही ती रणांगणावर जीव वाचवणारी सावधगिरी आहे. तिथे पोरगा म्हणाला, "थांबा बाबा. ते परत वाचा." तीनदा वाचायला लावलं.

रायर्डनने ही गोष्ट आधी आपल्या मुलालाच झोपताना सांगितली होती. त्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी (एका जागी लक्ष न लागणं, स्वस्थ न बसवणं) दोन्ही. ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगून संपल्या, मुलगा आणखी मागत राहिला, म्हणून बापाने पर्सी रचला. लेखक स्वतः पंधरा वर्षं शाळेत शिक्षक होता. मला वाटतं ते पानापानांवर दिसतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, उगीच गैरसमज नको. आमच्या चिरंजीवांनी ग्रीक मुळाक्षरं काढून घेतली आणि वहीवर आपलं नाव ग्रीकमध्ये लिहिलं. त्यातलीही दोन अक्षरं उलटी. पण ते नाव त्याने खोडलं नाही.

शंकासुर, मूळ कथा कोण वाचणार म्हणालात. मला स्वतःला हर्मीसच्या केबिनवरून कर्ण आठवला. पर्सी ओढ्यात उभा असताना त्याच्या डोक्यावर हिरवा त्रिशूळ चमकतो, सगळं शिबिर गुडघे टेकतं, बाप कोण ते एका क्षणात जाहीर. मग मी महाभारतातली रंगभूमी पुन्हा काढून वाचली. कृपाचार्य कर्णाला कूळ विचारतात त्याच्या थोडं आधी इंद्र अर्जुनावर ढगांची सावली धरतो, आणि सूर्य कर्णाजवळचे ढग दूर करतो. म्हणजे खूण तिथेही झाली होती. कोणी वर पाहिलं नाही, इतकंच. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट, पण हे ढग मला अमेरिकन पोरांच्या पुस्तकामुळे दिसले.

शंकासुर:

ढगांचं मान्य. मीही कधी लक्ष दिलं नव्हतं. शर्टांबद्दलचं मत राखून ठेवतो.

पानं_दुमडणारा:

कर्णाचा विषय निघालाच आहे तर: रायर्डनच्याच नावाने निघणाऱ्या ग्रंथमालेत रोशनी चोक्शीची आरू शाह आहे, २०१८ पासून पाच भाग. पांडव पुन्हा मुली होऊन जन्मतात. आरू इंद्राच्या वाट्याची, मिनी यमधर्माच्या. वाट दाखवायला एक चिडचिडं कबूतर, आणि ते पूर्वजन्मी कोण होतं हे सांगितलं तर आत्याबाई मला शाप देतील.

आत्याबाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता. जुनी_वही यांनी सांगितलं तसंच सांगितलं, दोन्ही मेड्यूसा, आधी कुरणातली, मग देवळातली. जबरदस्तीच्या वाक्यापाशी माझाच आवाज बारीक झाला, तिचा नाही. "मला वाटलंच होतं काहीतरी लपवलंय," म्हणाली. मग रात्रपाळींचे ढगही सांगितले. ते तिला फार आवडले. खिडकीपाशी जाऊन बराच वेळ वर बघत बसली होती.

मला वाटलं, संपलं. झोपायच्या वेळी दिवा मालवला तेव्हा अंधारातून आवाज आला, "आत्या, पेगॅसस जन्मला तेव्हा त्याची आई मेलेलीच होती ना?"

म्हटलं, हो.

"मग ती कोण होती हे त्याला कोणी सांगितलं?"

जुनी_वही, हेसिअडने याबद्दल काही लिहिलंय का बघाल? पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत घेतली आहे.