अनुभव धागा : फोनवरून रंगलेले प्रश्न, कोडी आणि पीजे

शेवंती
काल लेकीच्या शाळेत प्रश्नमंजूषा होती. बाईंनी विचारलं, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम कोणी केलं? मुलं गप्प. पालकांच्या रांगेतून मीच मोठ्यांदा म्हणाले, “अण्णा साळुंके!” सगळे वळून बघायला लागले. मला मात्र हा प्रश्न पहिल्यांदा ज्या मैत्रिणीने विचारला होता तीच दिसत होती.

२००७ च्या आसपासची गोष्ट. डीएडला आम्ही चौघी एकत्र होतो. नोकऱ्या लागल्या त्या चार दिशांना, सगळ्या जिल्हा परिषदेच्या शाळा. एक धानोऱ्याकडे, एक जव्हारला, एक देवगडला आणि मी करमाळ्याला. फोन महाग, मेसेजचं पॅक स्वस्त. मग ठरलं, रोज रात्री जेवणं झाली की एकीने एक प्रश्न टाकायचा. जिचं उत्तर बरोबर, दुसऱ्या दिवशी प्रश्न तिचा. कोणाच्याच फोनवर नेट नव्हतं, त्यामुळे उत्तर शोधायचं ते शाळेच्या ग्रंथपेटीत, नाहीतर केंद्रप्रमुखांना विचारून. धानोऱ्याच्या मैत्रिणीला रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागायचं. तिचं उत्तर आलं की समजायचं, बाई आज सुखरूप घरी पोचल्या.

देवनागरीत लिहिलं तर एका मेसेजात काना-मात्रा धरून ७० च खुणा मावायच्या, रोमन अक्षरांत १६०. शिवाय धानोरावालीच्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन उमटायचे. म्हणून सगळं रोमनमध्ये. एकदा देवगडवालीने ‘टेप आणा आपटे’ पाठवून लिहिलं, उलटं वाचा. रोमनमध्ये ते कोणाला उलटं वाचता येईना! शेवटी जव्हारवालीने फळ्यावर मराठीत लिहून बघितलं, तेव्हा उलगडलं.

तुम्हीही असं काही खेळला असाल तर लिहा. प्रश्न, कोडी, पीजे, सगळं चालेल.

भटकभवानी
वा! अण्णा साळुंके हॉटेलात काम करायचे, फाळक्यांनी तिथून त्यांना उचललं. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. हा आमच्या ग्रुपचा ठरलेला प्रश्न, नवीन माणूस आला की पहिला हाच.

चाळीशीपार
असं कोणतं गाव आहे जे एकटं असूनही चाळीस आहे?

मोगरा७
चाळीसगाव. दादा, हे आम्ही बालवाडीत सोडवलं

चाळीशीपार
मग हे घ्या. कोणत्या शहरात आठवड्याचे सातही वार भाड्याने मिळतात?

कोल्हापुरी_साज
पुणं. पेठा. डिपॉझिट किती म्हणत्यात ते पन सांगा की

दूरदेशी
मी न्यू जर्सीत असते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरचे सगळे झूमवर यायचे, फुकटातलं झूम, ४० मिनिटांनी बंद पडायचं. पहिल्यांदा नुसतं “काय जेवलात, काळजी घ्या” एवढंच चालायचं. आकडे, बातम्या, कोण गेलं. फोन ठेवल्यावर मला झोप यायची नाही.

मग सोलापूरहून माझ्या आजीने सांगितलं, मी कोडी घालणार, मुलांनी सोडवायची. तिच्याकडे कोड्यांचा साठा भरपूर. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हणजे जीभ, ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हणजे चांदण्या आणि चंद्र. माझ्या धाकट्याला तिने घातलं, ‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’. तो लगेच म्हणाला, सांताक्लॉज! खरं उत्तर मक्याचं कणीस. आजी इतकी हसली की चष्मा काढून ठेवला. म्हणाली, दोन्ही बरोबर, दोघांनाही मार्क.

त्यानंतर दर शनिवारी तिची सकाळ, आमची शुक्रवारची रात्र. ४० मिनिटं संपून मध्येच सगळे गायब झाले की पोरं ओरडायची, परत लिंक पाठवा, पणजीचं उत्तर राहिलंय. तिकडे जाता येत नव्हतं त्या दिवसांत माझ्या मुलांना पणजी खरी कळली. मराठी वर्गात जे आलं नाही ते तिच्या कोड्यांतून आलं.

मोगरा७
दूरदेशी ताई डोळ्यात पाणी आलं. आजी कशा आहेत आता?

दूरदेशी
छान आहेत! आता ९० च्या पुढे. परवाच व्हॉइस मेसेज आला, ‘लाल गाय, लाकूड खाय, पाणी पिये, मरून जाय’. मुलगा कॉलेजातून उत्तर पाठवतो.

अंगणातलीचिमणी
आग 🔥 कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

रुळांचा_राजा
आमचा अड्डा ऑर्कुट. रेल्वेवेड्या मित्रांचा गट होता, त्यातला एक मस्कतला, एक भुसावळला, बाकी आम्ही मुंबई-ठाणे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, ३४ किलोमीटर, हे कोणीही सांगेल. आमच्यात विचारायचे, ती ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावं सांग. साहिब, सिंध, सुलतान. डबे किती? १४. भुसावळवाला तर रात्रपाळीहून आला की झोपण्याआधी प्रश्न टाकून जायचा. मस्कतवाल्याची शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी त्याला सगळ्यांनी मिळून छळायचं. तो म्हणायचा, इथे रेल्वेच नाही, तुमच्या प्रश्नांतच गाडीचा आवाज ऐकतो.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. आम्ही जमेल तेवढे प्रश्न वहीत उतरवून घेतले, ती वही अजून भुसावळला आहे. आता ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, पण ऑर्कुटवर एकेका प्रश्नाखाली जी चर्चा लांबायची ती मजा नाही. इथे प्रश्न वर सरकतो आणि खाली कोणाच्या तरी भाचीचे बारशाचे फोटो.

चाळीशीपार
ज्याच्या नावातच जिना आहे ते स्टेशन?

रुळांचा_राजा
दादर! आणि तिथल्या पुलावरची गर्दी बघता नाव सार्थ आहे.

वऱ्हाडी_ठेचा
आमी अमरावतीचे. २०१९ मदे केबीसीत बबिता ताडे ताई बसल्या तवा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर जे चालू होतं ना बापा! अंजनगाव सुर्जीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई, आन् समोर अमिताभ. प्रश्न दिसला का आमी ग्रुपवर ए बी सी डी टाकायचो, ताईच्या आधी कोन बोलते म्हून. माह्या मायनं त्या दिवशी फोनवर पयल्यांदा काई टाइप केलं. ‘बी’. एवढंच. आन् ते बरोबर निघालं. ताई कोटी जिंकल्या तवा मायनं साखर वाटली, जसं काई घरचंच कोनी जिंकलं. आता माय रोज सकायी ग्रुपवर प्रश्न टाकते, शेतीचा असते जास्त करून. तुरीले फूल कवा येते, पराटीची येचनी कवा. शहरातल्या पोट्ट्यायले येत नाई.

शेवंती
काकूंना नमस्कार सांगा ठेचादादा. ‘बी’ वाचून फार बरं वाटलं.

धानोराकर
शेवंती ताई, ती पाण्याची टाकी कुठली? मी त्याच काळात तिकडे आरोग्य खात्यात होतो. रेंजसाठी आम्हीही एका टाकीखाली उभे राहायचो, संध्याकाळी तिथे जत्राच असायची.

शेवंती
बहुतेक तीच! ती म्हणायची की आरोग्यवाले फोनवर फार मोठ्याने बोलतात.

धानोराकर
मोठ्याने बोलावंच लागायचं ताई 🙏 त्यांना माझा नमस्कार कळवा. आता एक माझा प्रश्न, भामरागडला कोणत्या तीन नद्या भेटतात? पावसाळ्यात तिथला रस्ता बंद झाला की आम्ही एकमेकांना ‘नद्या काय म्हणतात?’ असा मेसेज करायचो.

भटकभवानी
इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा. मागच्या वर्षी जाऊन आले, काय जागा आहे!

रात्रपाळी
लिहू की नको, दोनदा खोडलं. लिहितेच.

माझ्या मैत्रिणीला कर्करोग झाला. केमोच्या दिवसांत तिला रात्री झोप लागायची नाही. मी नर्स, रात्रपाळीत जागीच. ग्रुपवर सगळे “कशी आहेस, बरी हो, देव आहे” लिहायचे. ती एकदा चिडून म्हणाली, मला रोज बरी आहे म्हणून खोटं लिहायला लावू नका. काहीतरी विचारा ज्याचं उत्तर मला येतं.

तिला इतिहास फार आवडायचा. मग मी अडीच-तीनला प्रश्न पाठवायचे. ‘दर्पण’चा पहिला अंक कधी? तिचं उत्तर यायचं, ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, पुढचा विचार. कधी दहा मिनिटांनी यायचं, कधी दोन तासांनी. उलट्या होत असतील तर नुसता एक ठिपका यायचा, म्हणजे उत्तर येतंय पण आत्ता नाही. त्या ठिपक्याची मी वाट बघायचे. वॉर्डात फेरी मारताना खिशात फोन थरथरला की पावलांना बळ यायचं. तब्येतीची विचारपूस आमची त्या प्रश्नातच होती, वेगळी करावी लागलीच नाही.

ती बरी आहे. तपासण्या चालू असतात. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने रात्री अडीचला मेसेज केला, “सांग, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण? चुकलीस तर लग्न रद्द.”

अंगणातलीचिमणी
यशवंतराव चव्हाण 🙂 ताई तुम्हा दोघींना खूप प्रेम. माझं सविस्तर लिहायचं राहूनच जातंय, पाहुणे आलेत

कोल्हापुरी_साज
रात्रपाळी ताई, लग्नाच्या मनापासनं शुभेच्छा. मैत्रीण अशी पायजे

पानसुपारी
आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये पीजे चालायचे, मेसेजवर. दिवसभर. २०११ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली आणि दुपारीच सगळे थंड. मग चिठ्ठीवर लिहून ठेवायचो, रात्री बारानंतर पाठवायचो. मर्यादा थोड्याच दिवसांत २०० झाली पण बारानंतर जागायची सवय लागली ती लागलीच. हे विलोम (सुलट-उलट सारखंच वाचलं जाणारं वाक्य) आमच्यातले, ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘भाऊ तळ्यात ऊभा’.

शुद्धलेखनप्रेमी
‘उभा’ ऱ्हस्व आहे. मग उलटं केल्यावर ‘भाऊ’ जमत नाही. हे विलोम बाद धरावं.

पानसुपारी
काका ‘चिमा काय कामाची’ मध्ये पण पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ आहे. तिलाही बाद करणार?

शुद्धलेखनप्रेमी
हो. ‘रामाला भाला मारा’ मात्र निर्दोष आहे, लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं. ‘टेप आणा आपटे’ही.

मोगरा७
मला एक बोलायचंय. आमच्या ग्रुपमध्ये प्रश्नांच्या नावाखाली खोटी माहिती फार यायला लागली होती. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हे तर दरवर्षी ऑगस्टमध्ये. तसं काही झालेलं नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवण्यावर ५ ची मर्यादा आणली, तरी लोक कॉपी करून टाकतातच. मग आम्ही नियम केला, प्रश्न स्वतः तयार करायचा आणि उत्तर कुठे वाचलं त्या पानाचा फोटो टाकायचा. आठवडाभर ग्रुप शांत होता, मला वाटलं मोडला. मग एका वहिनींनी घरातल्या जुन्या पंचांगाचा फोटो टाकून प्रश्न विचारला आणि गाडी रुळावर आली. आता प्रश्न कमी येतात पण प्रत्येकामागे कोणीतरी पुस्तक उघडलेलं असतं. हे मला फार मोलाचं वाटतं. मुलं बघत असतात.

वऱ्हाडी_ठेचा
बरोबर बोलल्या ताई. पंचांगातला प्रश्न कोनता होता पन?

मोगरा७
अधिक महिना साधारण किती महिन्यांनी येतो. साडेबत्तीस-तेहतीस. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान, ती तूट भरून काढायला.

रुळांचा_राजा
राज्याचं फुलपाखरू कोणतं? गूगल न करता.

भटकभवानी
ब्लू मॉर्मन, २०१५. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र पहिलं. प्राणी शेकरू, फूल तामण, पक्षी हरियाल. आता माझा. कळसूबाईची उंची?

कोल्हापुरी_साज
१६४६ मीटर. चढून आलोय, गुडघं सांगत्यात अजून. शेवंती ताई, तुमची धानोऱ्याची मैत्रीण हितं आली का न्हाई? धागा पाठवा की त्यास्नी

शेवंती
पाठवला. तिने वाचला आणि फक्त एवढंच लिहिलं, “‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो दिवस सांग, मगच खातं उघडते.”

धानोराकर
३ मे १९१३, कोरोनेशन, मुंबई. ताईंना सांगा, उत्तर आरोग्यवाल्यांनी दिलंय, या आता.