वडिलांना गुठळीचा त्रास झालेला असताना 39 व्या वर्षी इस्ट्रोजेन सुरू करावे का?

फोंडेकरीण
नमस्कार. मी 39 वर्षांची ट्रान्स स्त्री असून फोंड्याला आईसोबत राहते आणि पणजीत एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. घरी सांगून झाले, समुपदेशनही झाले. इस्ट्रोजेन (स्त्री संप्रेरक) घ्यायचे की नाही एवढाच निर्णय उरला आहे आणि तिथेच घोडे अडले आहे. माझ्या वडिलांना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, मी स्वतः दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढते, आणि वाचायला जावे तर ‘काही होत नाही’ आणि ‘जिवावर बेतेल’ अशी दोनच टोके हाती लागतात. ओळखीची एक मैत्रीण म्हणते की फार्मसीत सहज मिळणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांनीच सुरुवात कर. माझ्या बाबतीत धोका किती धरावा आणि त्या बदल्यात पदरात नेमके काय पडेल, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त फार्मासिस्ट, म्हापसा
त्या गोळ्यांचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. त्यांतल्या बहुतेकींमध्ये इथिनाइल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असते, ते यकृतात लवकर मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ट्रान्स स्त्रियांमध्ये गुठळीचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे वीसपट आढळले होते, आणि त्यांतल्या बहुतेक जणी हेच औषध घेत होत्या. आज लोक जी भीती घालतात तिचे मूळ बव्हंशी तिथे आहे. शरीरात मुळात असते तेच इस्ट्राडायॉल आता उपचारासाठी वापरतात. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

एन्डोक्रायनॉलॉजिस्ट
वरील मुद्दा बरोबर आहे, मात्र इस्ट्राडायॉलने धोका शून्यावर येतो असे कोणी समजू नये. ते गोळीच्या रूपाने घेतले की आतड्यातून थेट यकृतात जाते आणि गोठण्याची प्रवृत्ती काहीशी वाढते. जेल किंवा पट्टीच्या रूपाने कातडीतून घेतले की यकृताचा हा पहिला फेरा टळतो, म्हणून चाळिशीच्या आसपासच्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा घरात गुठळीचा इतिहास असलेल्या व्यक्तीला मी कातडीतून घेण्याचाच मार्ग सुचवतो. तुमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. यांपैकी तुमच्या हातात आहे ती सिगारेट, आणि ती सोडल्याने जेवढा धोका उतरेल तेवढा औषधाचा डोस कमी करून उतरेलच असे नाही.

वडिलांची गुठळी कोणत्या वयात आणि कशामुळे झाली हे आईला विचारून घ्या. शस्त्रक्रियेनंतर म्हातारपणी झालेली गुठळी आणि पंचेचाळिशीत काही कारण नसताना झालेली गुठळी यांचा अर्थ अगदी वेगळा असतो. दुसऱ्या प्रकारची असेल तर उपचाराआधी रक्ताच्या काही खास चाचण्या कराव्या लागतील.

टेस्टोस्टेरॉन (पुरुष संप्रेरक) दाबणाऱ्या औषधाचीही निवड विचारपूर्वक व्हावी. त्यांपैकी सायप्रोटेरोन पूर्वी रोज 50 ते 100 मिलिग्रॅम देत असत. जास्त डोस दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा या गाठीचा धोका वाढतो असे दिसल्यावर 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तो 10 मिलिग्रॅमवर आणला. याच कामाच्या स्पायरोनोलॅक्टोनमध्ये ती अडचण नाही, पण त्याने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा रक्त तपासून इस्ट्राडायॉल मिलिलिटरमागे 100 ते 200 पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली आहे ना हे पाहायचे असते. पातळी यापुढे नेल्याने स्तन अधिक वाढतात याला चांगला पुरावा नाही. धोका मात्र वाढतो.

सई, मडगाव
फोंडेकरीणताई, मी बरीच वर्षे हे उपचार घेत आहे, तेव्हा लाभाच्या बाजूने लिहिते. कामेच्छा पहिल्या एक-दोन महिन्यांतच मंदावली. कातडी मऊ होणे, चरबीची जागा बदलणे आणि स्तनांची वाढ साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरू होते आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. आवाज मात्र बदलत नाही आणि दाढीही जात नाही. त्यासाठी आवाजाचा सराव आणि लेझर हे वेगळे खर्च आहेत, ते आधीच हिशेबात धरा (हिशेब तर तुमच्या हातचा मळ). मनाला आलेली स्वस्थता कोणत्या रकान्यात मांडायची ते मला ठाऊक नाही, पण संशोधनाचे आढावेही नैराश्य आणि चिंता कमी होत असल्याचे सांगतात, पुरावा अजून पुरेसा भक्कम नाही या पुरवणीसह. उपचार न घेण्यालाही किंमत असते, ती या चर्चांत कोणी धरत नाही.

दोन गोष्टी विसरू नका. उपचार थांबवले तरी वाढलेले स्तन राहतात, आणि प्रजननक्षमता परत येईलच याची हमी नसते. पुढे मूल हवे असण्याची शक्यता असेल तर शुक्राणू आधी गोठवून ठेवा. आणि स्पायरोनोलॅक्टोन दिले तर मे महिन्याच्या उकाड्यात रोज शहाळी रिचवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मला हे कोणी सांगितले नव्हते. रक्ताच्या अहवालावरून कळले.

फोंडेकरीण
सर्वांचे आभार. आईला विचारले. वडिलांना गुठळी झाली तेव्हा ते 71 वर्षांचे होते आणि खुब्याचे हाड मोडल्यामुळे झालेल्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर होते. म्हणजे मी धास्ती घेतली होती तेवढे हे गंभीर नाही, असे समजू का?

एन्डोक्रायनॉलॉजिस्ट
बऱ्याच अंशी होय. तरी ही माहिती बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे दाखवाल तिथे पहिल्याच भेटीत सांगा, सोबत रक्तदाब, साखर, चरबी आणि यकृताचे अलीकडचे अहवाल न्या, आणि सिगारेट सोडण्याची तारीख ठरवूनच जा. उपचार सुरू झाल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता 108 ला फोन करावा.