गावासाठी कवी नेमायचा आहे, काम काय द्यायचं?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका): आमच्या ग्रामपंचायतीत वर्षभरासाठी गावचा कवी नेमायचं घाटतंय. इंग्लंड-अमेरिकेत सरकारी राष्ट्रकवी असतो, तो करतो काय? आपल्याकडं कसं बसवावं?

काठावरचा वाचक: इंग्लंडात १६६८ मध्ये कवी ड्रायडनपासून हे राजदरबारी पद. आधी तहहयात असायचं, १९९९ पासून दहा वर्षांचं. राजघराण्यावर लिहिण्याची सक्ती नाही. तुमच्या कामाचा नमुना अमेरिकेचा. तिथं काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, ग्रंथालयाचा प्रमुख कवी नेमतो अन् कवी लोकांपर्यंत कविता नेतो, स्वतःचीच असं नाही. तिथला एक राष्ट्रकवी बिली कॉलिन्स, त्यानं शाळेच्या १८० दिवसांसाठी १८० कविता निवडल्या. फक्त मोठ्यानं वाचायच्या, वर प्रश्नोत्तरं नकोत. दुसरा राष्ट्रकवी टेड कूझर वर्तमानपत्रांना दर आठवड्याला एक छोटी कविता फुकट द्यायचा. आपल्याकडं केंद्राचं असं पद नाही. हिंदी कवी मैथिलीशरण गुप्तांना राष्ट्रकवी म्हणतात तो सन्मान आहे, नोकरी नव्हे.

गुरुजी वणी: ताई, परिपाठात आठवड्याला एकच कविता घ्या, १२ ते १६ ओळींची. सोमवारी कवी वाचेल, शनिवारी पोरं म्हणतील. रोज नवी दिली की एकही तोंडात बसत नाही. तीच कविता पंचायतीच्या फळ्यावर खडूनं, मोठ्या अक्षरात. सुरुवात बहिणाबाई, बालकवींपासून करा, त्यांचे हक्क संपलेत. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून हयात किंवा गेल्या ६० वर्षांत वारलेल्या कवींची कविता छापायची तर आधी परवानगी घ्या.

भोंग्यावर वाचताना माइक भोंग्याच्या तोंडासमोर नको, मागं ठेवा. नाहीतर शिट्टी मारतो. तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरपा धरा, म्हणजे 'फ' अन् 'भ' फुटत नाहीत.

वऱ्हाडी भाऊ: सारं बराबर, पण मानधन अन् मुदत ठरावात लिहून घ्या बावा. नाहीतर सरपंचाच्या वाढदिवसाले पोवाडा मांगतीन अन् कवी नाही म्हनू शकनार नाही. 'सत्कार-काव्य हे काम नाही' अशी ओळ ठरावातच टाका. निवड ग्रामसभेत नको, तिथं भावकी मोजतात. शाळा, वाचनालय अन् बचत गट यांचा एकेक मानूस निवड समितीत बसवा. सुरुवात २७ फेब्रुवारीले, मराठी भाषा गौरव दिनी. जूनमंदी पेरनीच्या टायमाले कोनी ऐकाले येत नाही, अन् दिवाळीनंतर वेचनी असते, तवा बायामानसांचा कार्यक्रम सांजच्याले आठनंतर ठेवा.

पऱ्हाटी: मानधन केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीतून निघेल का?

गुरुजी वणी: तिकडं नका जाऊ, लेखापरीक्षणात अडकाल. वाचनालयाच्या वर्गणीतून द्या, पावती फाडून.