पी-ए-एल: एका रांगेतले, एका घरचे नव्हेत

दांडियाबाजारकर

भाची आमच्याकडे राहून अमेरिकेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. शब्दांची वही वर्णानुक्रमाने लावलेली, सध्या मुक्काम पी-ए-एलवर. काल जेवताना म्हणाली, "मामा, पॅलिएट म्हणजे मैत्री करणं. पॅल म्हणजे दोस्त ना, त्यावरून लक्षात ठेवलंय." मी हसलो. मग तिने वहीच पुढे केली आणि माझंच हसू मावळलं: पॅलिम्प्सेस्ट, पॅलिनोड, पलाव्हर, पॅलंकीन, पॅलाडिन, पॉलफ्री, पॅलिड. पहिली तीन अक्षरं सारखी म्हणून हे सगळे एका कुळातले धरायचे का? आणि पॅलिम्प्सेस्टला आपल्यात बरा शब्द आहे का?

रावपुऱ्याची मावशी

कूळ एक नाही हो. तुम्हीच देवनागरीत लिहिलेत ते बघा: कुठे पॅ, कुठे प, कुठे पॉ. रोमन लिपीत शेजारी बसतात म्हणून भाऊबंद वाटतात, इतकंच.

पॅलिएटच्या मुळाशी लॅटिन 'पॅलियम' आहे, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. आजार बरा होत नसला तरी त्याचा त्रास कमी करणं म्हणजे पॅलिएट करणं. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती यातलीच. दुसरा अर्थ, गुन्हा किंवा दोष सौम्य करून सांगणं. याला मराठीत शोधायला जायलाच नको: पांघरूण घालणं. लॅटिनवाल्यांनाही तेच सुचलं आणि आपल्याकडच्या आयांनाही. शवपेटीवर अंथरतात त्या कापडाला पॉल म्हणतात, तोही याच पॅलियममधला. पॅलिडचा मात्र कापडाशी संबंध नाही. तो फिकट पडणं या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन क्रियापदाचा. तोंड पांढरंफटक पडलं की पॅलिड.

आता भाचीची गंमत. ज्या पॅलच्या भरवशावर ती चुकली, तो आपल्याच घरचा. 17व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला रोमानी लोकांच्या भाषेतून. तिथे 'फ्राल' किंवा 'प्राल' म्हणजे भाऊ, आणि त्याच्या मागे संस्कृत भ्रातृ. आपला भाऊ, गुजरातीतला भाई तिथलेच. बडोद्यात आपण अनोळखी रिक्षावाल्यालाही "ओ भाई" म्हणतो, तिकडचे लोक "हे पॅल" म्हणतात. मला तर दोन्हीकडे सूरही तोच ऐकू येतो.

मांडवीकर

मावशी, पॅलंकीन माझ्यासाठी ठेवलात वाटतं. ही आपली पालखी. पोर्तुगीजांनी इथे ऐकली, शेवटी त्यांचा नाकातला सूर लावला आणि इंग्रजांनी त्यांच्याकडून उचलली. मागे संस्कृत पल्यंक किंवा पर्यंक, म्हणजे खाट. पलंगही त्यातलाच. देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघतो तेव्हा देव एका अर्थी पलंगावरून उठून पलंगातच बसतात.

पलाव्हरही पोर्तुगीजांच्याच गलबतातून आला, पण तो आपला नाही. 'पालाव्रा' म्हणजे शब्द. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारी आणि तिथले लोक यांच्यात लांबलचक बोलणी चालत, त्यांना हे नाव पडलं. खलाशांनी 18व्या शतकात ते इंग्रजीत नेलं. पुढे अर्थ घसरला: आधी पोकळ बडबड, मग उगाचची यातायात. "एवढ्याशा दाखल्यासाठी केवढं पलाव्हर" असं म्हणता येईल.

इथे आपला पाल्हाळ हटकून आठवतो. मीही एकेकाळी दोघांचं लग्न लावून मोकळा झालो होतो. पण पालाव्रा लॅटिन 'पॅराबोला'पासून आला आहे, पाल्हाळाशी त्याचं काही नातं नाही. आणि अर्थही नीट जुळत नाही. पाल्हाळ एकटा माणूस लावू शकतो (आमच्याकडे लावतातही), पलाव्हरला निदान दोन बाजू लागतात. त्या पॅराबोलातूनच फ्रेंचमध्ये बोलणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून पार्लमेंट. म्हणजे पार्लमेंट आणि पलाव्हर चुलत भावंडं. यावर मी काही बोलत नाही.

पॅलाडिन म्हणजे शार्लमेन राजाच्या कथांमधले बारा वीर, मूळ अर्थ राजवाड्यातला माणूस. पॉलफ्री म्हणजे स्वारीचा शांत घोडा. दोन्ही पाठ करा आणि विसरा, परीक्षेबाहेर भेटायचे नाहीत.

गोत्रीची सून

उरलेले दोन मात्र सख्खे आहेत. ग्रीक 'पालिन' म्हणजे मागे, पुन्हा. त्याला धावणं जोडलं की पॅलिन्ड्रोम, म्हणजे आपलं "रामाला भाला मारा". गाणं जोडलं की पॅलिनोड, म्हणजे आधीच्या कवितेतले शब्द मागे घेणारी कविता. स्टेसिकोरस नावाच्या ग्रीक कवीने हेलनची निंदा केली, त्याची दृष्टी गेली, मग शब्द मागे घेणारं काव्य रचल्यावर ती परत आली, अशी दंतकथा आहे. आणि खरवडणं जोडलं की पॅलिम्प्सेस्ट.

चामड्याची पानं महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावरच नवा लिहीत. सगळ्यात गाजलेलं उदाहरण आर्किमिडीजचं. 10व्या शतकात उतरवलेली त्याची हस्तप्रत 1229 साली पुसून, पानं आडवी फिरवून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. 1906 मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने खालचा मजकूर ओळखला. 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती 20 लाख डॉलरला गेली, आणि पुढे बाल्टिमोरमध्ये वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन, कॅलिफोर्नियात क्ष-किरण लावून वाचली गेली. शब्दाचा सगळा जीव या खालच्या मजकुरात आहे. तो पुरता जात नाही.

मराठी शब्द म्हणाल तर 'पुनर्लेखित चर्मपत्र' बरोबर आहे, पण उच्चारेपर्यंत जेवण थंड होईल.

दांडियाबाजारकर

धूळपाटी चालेल का?

गोत्रीची सून

नाही चालणार, काका. धूळपाटीवर हात फिरवला की मागचं काहीच उरत नाही. पॅलिम्प्सेस्टच्या अगदी उलट.

मांडवीकर

खरवडपत्र?

रावपुऱ्याची मावशी

अहो, खरवड म्हटलं की मला दुधाच्या पातेल्याच्या तळाची आठवते, त्यावर साखर घालून. कोणी ते पत्र चाटायला घेईल.

त्यापेक्षा काकांच्याच बाजारातली पाटी आठवा. खूप जुनं मराठी दुकान होतं, नंतर मालक बदलले, त्यांनी त्याच पत्र्यावर रंग देऊन गुजरातीत नाव लिहिलं. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. पण पावसाळ्यात वरचा रंग फुगून सुटला की अक्षरांच्या माथ्यावरून जुन्या बाळबोधीची रेघ जायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मी लहानपणी ती तशीच वाचायचे, गुजराती नावाला मराठी शिरोरेषा जोडून. पॅलिम्प्सेस्ट याहून वेगळा काय असतो?

दांडियाबाजारकर

मावशी, ती पाटी मला माहीत आहे. भाचीला दाखवायला आज संध्याकाळी गेलो होतो. आता वर फ्लेक्स ठोकलाय, मोबाइलच्या कव्हरांचा. कडेला एका खिळ्यापाशी थोडा पत्रा दिसतो. भाचीने वहीत पॅलिम्प्सेस्टसमोर इंग्रजी अर्थ खोडून "मामांच्या गल्लीतली पाटी" लिहिलं, आणि खोडलेलं अजून वाचता येतंय.