स्लो पॉझिट्रॉन बीम बघायला काय घ्यावं? बजेट दीड लाख (इंदूर)

रामबागकर: डिपार्टमेंटात संथ पॉझिट्रॉनची (इलेक्ट्रॉनचा धन भाराचा प्रतिकण) छोटी बीमलाइन उभी करतोय. सोर्स किरणोत्सारी सोडियम-22, 10 मिलिक्युरी, परवाना आहे. वेग कमी करायला टंगस्टन मॉडरेटर. बीम कुठे पडते आणि किती येते, एवढंच कळायला हवं. दीड लाखाच्या वर एक रुपया नाही.

निवृत्त_व्हॅक्यूमवाला: फॅरेडे कप लाव, म्हणजे बीम झेलून तिचा करंट मोजणारा धातूचा पेला. आम्ही इलेक्ट्रॉन बीम जन्मभर त्यानेच मोजली. सियागंजातून तांबं आण, खरादवाला संध्याकाळपर्यंत करून देईल.

फेम्टो_भिया: काका, हिशेब बघा. सेकंदाला 37 कोटी विघटनं, त्यात 90 टक्के पॉझिट्रॉन, मॉडरेटरमधून दहा हजारांत जेमतेम एखादा सुटतो. उरले तीसेक हजार, म्हणजे पाच फेम्टोअँपिअर! साध्या मीटरचा गोंगाटच त्याहून मोठा. वर आदळण्याने कपातून दुय्यम इलेक्ट्रॉन उडाले की आकडा फुगतो. एमसीपी घ्या, म्हणजे एका कणाचे लाखो इलेक्ट्रॉन करणारी बारीक छिद्रांची प्लेट; दोन एकामागे एक (शेव्हरॉन जोडी), मागे इलेक्ट्रॉन पडले की चमकणारी फॉस्फर स्क्रीन आणि कॅमेरा. ठिपका डोळ्यांनी दिसतो.

रामबागकर: दीड लाखात?

फेम्टो_भिया: बजेट वाढवून मागा ना.

जिनिव्हा_रिटर्न: मी जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत होतो तेव्हा तिथल्या एलेना या वेग उतरवणाऱ्या रिंगमध्ये अँटिप्रोटॉन 5.3 एमईव्ही ऊर्जेवरून 100 केईव्हीपर्यंत उतरवलेले पाहिलेत. तिथे फॅरेडे कपचा भरवसाच नाही, अँटिप्रोटॉन धातूत नष्ट होताना पायॉन नावाचे कण उडतात.

सुदामानगर_७: तो पॉझिट्रॉनचं विचारतोय हो. बाळा, आपल्या इंदूरच्या आरआरकॅट प्रयोगशाळेत जा, तिथला इंडस-2 प्रवेगक हाकेच्या अंतरावर आहे.

फेम्टो_भिया: तिथे 2.5 जीईव्हीचे इलेक्ट्रॉन, वळताना स्वतःच प्रकाश (सिंक्रोट्रॉन प्रकाश) फेकतात, त्यात बीम आपोआप दिसते. याची कसला उजेड पाडणार?

पंप_खोकतोय: एमसीपीच घे. पण दाब 10⁻⁶ मिलिबारखाली गेल्याशिवाय व्होल्टेज देऊ नकोस. आमच्या एका पठ्ठ्याने घाई केली, ठिणगी पडली, कोरी प्लेट गेली. पैसे कुणी भरले, विचारू नकोस.

मीना_ताई: आधी बीम टार्गेटपर्यंत पोचते का ते बघ. 100 ईव्हीला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातच ती पाऊण मीटर त्रिज्येने वळते. बीम धरून ठेवायला सोलेनॉइड (चुंबकीय क्षेत्राची लांब कॉइल) आहे ना? मोजायला टार्गेटजवळ सोडियम आयोडाइडचा गामा डिटेक्टर ठेव, पॉझिट्रॉन नष्ट होताना निघणारी 511 केईव्हीची गामा रेषा पकड. सोर्सकडून 1275 केईव्हीचा गामाही येतो, मध्ये शिसं हवंच.

निवृत्त_व्हॅक्यूमवाला: सोडियम आयोडाइड पावसाळ्यात पिवळं पडतं.

मीना_ताई: सील फुटलं तर पडतं, काका.

जिनिव्हा_रिटर्न: एमसीपी.

रामबागकर: सोलेनॉइड आहे. एमसीपी घेत नाही. कपाटात जुने दोन सोडियम आयोडाइड सापडले, सील शाबूत. मायक्रोमीटरवर पत्रा बसवून त्याची कड बीममध्ये थोडी थोडी सरकवणार आणि 511 ची मोजणी कशी चढते ते लिहून घेणार. त्यातूनच रुंदी निघेल. शिशाच्या विटा कुणाकडे पडून आहेत का?

सुदामानगर_७: आहेत. उचलायला दोन माणसं आण.